ताम्हिणीच्या रानातील दोन विषे

मुळशी पेट्यातून कोकणात उतरणाऱ्या ताम्हिणीच्या वाटेवर, जेथे दर वर्षी कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आषाढ-श्रावणात डोंगराची कडा व आकाश यांतील सीमाच पुसली जाते, तेथे झुडुपांच्या आधाराने वर चढणारी, बुडाशी पिवळी व टोकाशी तांबडी अशी उलट्या पाकळ्यांची फुले मिरवणारी कळलावीची वेल आढळते. कोणी तिला खड्यानाग म्हणतो. हिचे फूल कितीही देखणे असले तरी ते घरात आणल्यास कलह माजतो, अशी समजूत महाराष्ट्रात फार जुनी आहे. आणि जमिनीखाली नांगरासारखा दुभंगलेला जो तिचा कंद असतो, त्याच्याविषयीचे भय तर याहूनही अधिक साधार आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी लांगली या नावाने तिची गणना अर्क, करवीर, गुंजा, धत्तूर यांच्या पंक्तीला उपविषांत केली, आणि तरीही अडलेल्या बाळंतिणीच्या तळहाता-तळपायांना तिच्या मुळाचा लेप लावण्याची वहिवाट सांगून ठेवली. मात्र प्रसूती होताच तो लेप तत्काळ धुऊन टाकावा, असेही बजावले. विष वापरावे, पण त्याची मुदत घटकांनी मोजावी, असा हा दंडक होता, आणि तो घालून देणाऱ्यांच्या निरीक्षणशक्तीविषयी मला नितांत आदर वाटतो.

कारण हा कंद रताळे समजून ज्याच्या खाण्यात आला, त्याची अवस्था एका विलक्षण क्रमाने बिघडत जाते. प्रथम आतड्यांचे अस्तर ढासळून उलट्या व जुलाब होतात. मग अस्थिमज्जा रक्तकण निर्माण करण्याचे थांबवते. आणि एवढ्यातूनही जो वाचला, त्याच्या मस्तकावरचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळून पडतात. आतडे, मज्जा आणि केसांचे मूळ या तिन्ही स्थळांत साम्य एकच, ते असे की तेथील पेशी अहोरात्र विभागत असतात. पेशी विभागते म्हणजे काय होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

जर्मनीतील कील येथे वाल्टर फ्लेमिंग या शारीरविदाने सॅलॅमँडरच्या अळ्यांचे पारदर्शक ऊतक रंगद्रव्यांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि 1882 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा केंद्रकातील रंगग्राही द्रव्याचे धागे, म्हणजेच गुणसूत्रे, होतात व ते धागे उभे दुभंगतात, ही गोष्ट प्रथम निर्विवादपणे मांडली गेली. एडुआर्ड श्ट्रासबुर्गर याने हेच कार्य वनस्पतींत पाहिले आणि 1884 मध्ये त्यातील अवस्थांची जी नावे रूढ केली, तीच थोड्या भरीने आजही चालतात. कळलावीच्याच मुळाचे टोक घेतले, तर त्यातील प्रत्येक पेशीत 22 गुणसूत्रे असतात, आणि विभाजनाला आरंभ होण्यापूर्वीच त्यांतील प्रत्येकाची प्रत तयार झालेली असते. पूर्वावस्थेत ही लांबलचक, गुंतलेली सूत्रे आखडून जाड होतात, एकेक गुणसूत्र दोन जुळ्या अर्धगुणसूत्रांचे बनलेले स्पष्ट दिसू लागते आणि केंद्रकाचे आवरण विरून जाते. मध्यावस्थेत पेशीच्या दोन ध्रुवांकडून आलेले तुर्कतंतू प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी धरून त्याला पेशीच्या मध्यतलावर आणून उभे करतात. आणि सर्व गुणसूत्रे अशी दुतर्फा ताणली गेली, की मगच पश्चावस्थेचा हुकूम सुटून जुळी अर्धगुणसूत्रे विलग होतात व विरुद्ध ध्रुवांकडे खेचली जातात. अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवी आवरणे उभी राहतात, मध्यभागी नवी भित्ती घडू लागते, आणि एका पेशीच्या जागी 22-22 गुणसूत्रांच्या, तंतोतंत एकसारख्या दोन पेशी नांदू लागतात. या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत विस्मयकारक वाटतो तो मध्यावस्थेतील विराम, कारण एक गुणसूत्र जरी जागेवर आलेले नसेल, तर पेशी पुढचे पाऊल सहसा टाकत नाही.

कळलावीचे विष नेमके याच विरामावर घाला घालते. युरोपात संधिवातावर जुन्या काळापासून वापरल्या जाणाऱ्या कॉल्चिकम या कंदातून 1820 मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी ज्या द्रव्याचा शोध लावला, ते कोल्चिसिन कळलावीच्या कंदातही आहे, असे 1915 साली इंग्लंडमधील रसायनज्ञांनी दाखवले. तुर्कतंतू ज्या प्रथिनाच्या जुळणीतून बनतात, त्या प्रथिनाला हे द्रव्य चिकटून बसते, तंतू उभेच राहत नाहीत, आणि आखडलेली गुणसूत्रे मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर विखुरलेली राहतात. अशी पेशी बहुधा मरते. जगली तर तिच्यात गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. ब्लेकस्ली व एव्हरी यांनी 1937 मध्ये धोतऱ्यावर, म्हणजे उपविषांच्या त्याच यादीतील दुसऱ्या वनस्पतीवर, हे सिद्ध केले. पुढे चाळिशीच्या दशकात मुंबई इलाख्याच्या कृषिखात्यातील एल. एस. एस. कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुगावर तेच प्रयोग केले. मानवी पेशीत 48 नव्हे तर 46 गुणसूत्रे असतात, हा 1956 चा निर्णयही याच द्रव्याने पेशी मध्यावस्थेत रोखून धरल्यामुळे शक्य झाला. प्राण्यांच्या तुर्कतंतूंवर जे द्रव्य इतके घट्ट बसते, ते वनस्पतींच्या तंतूंवर पुष्कळच सैल बसते. म्हणून पहिल्या पावसासरशी कळलावीचा कंद आपल्याच विषाच्या सान्निध्यात बिनधोक अंकुरतो.

याच पट्ट्यात नरक्या नावाचे दुसरे झाड आहे. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो, लाकडाला फारसे मोल नाही, आणि जुन्या वैद्यकग्रंथांनी त्याला कळलावीइतके महत्त्व दिलेले नाही. मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल जॉन ग्रॅहम यांनी परिसरातील वनस्पतींची जी यादी सिद्ध केली, ती छापून पूर्ण होण्याआधीच 1839 मध्ये खंडाळ्यास त्यांचे निधन झाले व ते काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले; त्याच यादीत या झाडाला निम्मो यांचे नाव दिलेले आहे. 1966 साली अमेरिकेत वॉल आणि वानी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसीन हे द्रव्य मिळवले, आणि 1972 मध्ये मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले. कळलावी पेशीला अर्ध्या वाटेत अडवते. नरक्याचे द्रव्य त्याही आधी, जनुकद्रव्याची प्रत निघत असतानाच त्याचा पीळ सोडवणाऱ्या विकराला पकडते, धागे तुटतात, आणि पूर्वावस्थेपर्यंत पोहोचण्याची पाळीच येत नाही. त्यापासून बनवलेली दोन औषधे 1996 साली अमेरिकेत कर्करोगावर मान्य झाली.

तेव्हापासून सह्याद्रीतील नरक्याची दशा पालटली. जे झाड सरकारदप्तरी केवळ एक किरकोळ वनस्पती म्हणून नोंदलेले होते, त्याच्या खोडाला आणि मुळाला परदेशी मागणी आली, आणि ठेकेदारांनी ते जळाऊ लाकडासारखे वजनावर विकत घेतले. फांदी तोडली असती तर झाड पुन्हा फुटले असते. परंतु द्रव्य मुळातही असल्याने ते समूळ उपटले गेले, आणि कोल्हापूर-सातारा-सिंधुदुर्गाच्या रानांतून चोरट्या नरक्याचे ट्रक पकडल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांना नित्याच्या झाल्या. ज्या शास्त्राने या झाडाचे मोल जाणले, त्याने तोडणीची मुदत आणि मर्यादाही त्याच वेळी सांगायला हवी होती, जशी लांगलीच्या लेपाबाबत वैद्यांनी सांगितली होती.

ताम्हिणीच्या सुमारे 50 चौरस किलोमीटर रानाला 2013 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मुळशी तालुक्यातील पुष्कळसे रान खाजगी मालकीचे आहे. अभयारण्याची हद्द जेथे संपते, तेथपासून पुढे नरक्या राखायचा असेल, तर झाड उभे ठेवणाऱ्या खातेदाराला ते उपटून विकणाऱ्यापेक्षा अधिक पैसा मिळाला पाहिजे, आणि त्याची तजवीज वनखात्याने व औषधे करणाऱ्या कंपन्यांनी मिळून करावयाची आहे.