नकलेतून तैलचित्राकडे : कोल्हापूरची वाट

कोल्हापूर परिसरात तैलरंग रुजले ते मुख्यतः नकलेच्या वाटेने. जुना दरबार, महालातील नायक-नायिका किंवा किल्ल्यावरचा प्रसंग समोर ठेवायचा आणि तो कॅनव्हासवर उतरवायचा, ही एकोणिसाव्या शतकात शिकण्याची रुळलेली रीत होती.

तिचे शालेय रूप मुंबईत घडले. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. मूळ चित्रे भिंतीवरच्या गिलाव्यावरची, नकला मात्र तैलरंगातल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत जळाल्या. कोल्हापूरचे आबालाल रहिमान याच शाळेत शिकले. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधर १८९० मध्ये तेथे दाखल झाले.

ज्यांना मुंबई गाठणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी राजा रविवर्मा यांची छापील चित्रे होती. त्यांचा छापखाना १८९४ साली सुरू झाला आणि शकुंतला, दमयंती घरोघरी भिंतीवर आल्या. या चित्रांतून मांडणी, वस्त्रांच्या चुण्या, अंगलट शिकता येई. ब्रशचा फटकारा मात्र छपाईत हरवलेला असे, त्यामुळे रंग कसा लावला असेल हे शिकणाऱ्याने स्वतःच शोधायचे. या उणिवेचा फायदाही झाला असावा. उत्तर हाती नसल्याने हात धीट होतो.

नकलेची पद्धत ठरलेली होती. मूळ चित्रावर आणि कॅनव्हासवर एकाच प्रमाणात चौकटी आखायच्या, कोळशाने रेखाटन करायचे, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात छायाप्रकाश बसवायचा आणि तो सुकल्यावर जवसाच्या तेलातले दाट रंग चढवायचे. खालचा थर पातळ, वरचा तेलकट. क्रम उलटा झाला तर वाळताना वरचा थर तडकतो. सरावासाठी मध्ययुगीन प्रणयदृश्य सोयीचे, कारण रेशीम, धातू, दगड आणि मानवी त्वचा या चारही अवघड गोष्टी त्यात एकत्र येतात.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ कोणत्याही कलाशाळेत न जाता तयार झाले. कारागिरी घरातच होती. संगीत नाटक कंपन्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले; महाल, बाग, दरबार ही त्या पडद्यांची नेहमीची दृश्ये. ‘पेंटर’ हे नाव त्यांना याच कामातून चिकटले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ‘सिंहगड’ (१९२३) आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) या शिवकालावरील मूकपटांत पडद्यांवर घोटलेला ऐतिहासिक माहोल हलू लागला. ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रकही त्यांच्याच हातचे.

नकलेची मर्यादा आबालालांच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते. मुंबईहून परतल्यावर त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, पण त्यांची खरी ओळख कोटीतीर्थ तलाव आणि आसपासच्या निसर्गचित्रांनी ठरली. १९३१ मध्ये ते निवर्तले तोवर ‘कोल्हापूर म्हणजे निसर्गचित्रण’ असे समीकरण तयार होऊ लागले होते. दत्तोबा दळवी, बाबा गजबर, चंद्रकांत मांडरे यांनी ते पुढे नेले. महालातली नायिका मागे पडली आणि पन्हाळ्याचा तट, नदीचा घाट कॅनव्हासवर आले.

दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन या संस्थांमुळे शिक्षणाला अभ्यासक्रमाची शिस्त लाभली. शहराबाहेर मात्र ही सोय नाही. उदाहरणार्थ, पन्हाळा तालुक्यातील वारणानगर ही साखर कारखान्याभोवती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेली वसाहत. तिथल्या पिढीला रंगाची पहिली ओळख होते ती महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणेच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतून. त्यांत तैलरंग नसतात. त्यासाठी कोल्हापूर गाठावे लागते. मूळ चित्रे पाहायची तर तेथील टाउन हॉल संग्रहालयात आबालाल आणि बाबूराव दोघांचीही कामे आहेत.