सोंग, व्यंग आणि कायद्याची गाडी

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मग पैशासाठी आणलेल्या सोंगाचे काय करायचे? रेल्वेच्या डब्यात, देवळाच्या पायरीवर, यात्रेच्या वाटेवर कुणी आंधळा-पांगळा हात पुढे करतो, तेव्हा खिशाकडे निघालेला आपला हात क्षणभर थांबतो. हा खरा की सोंगाडा? मग आपण रुपया देतो किंवा देत नाही, आणि दोन्ही वेळा मन थोडे खट्टूच होते.

आम्हा बेलापूरकरांना हा प्रश्न जरा जास्त पडतो. आमच्या गावाचे नाव मिळालेले रेल्वे स्थानक गावापासून काही किलोमीटरवर, आणि त्याच्याभोवती श्रीरामपूर शहर वाढले. दौंड-मनमाड मार्गावरचे हे स्थानक. इकडे शिर्डी, तिकडे शनिशिंगणापूर, आणि सप्टेंबरात हरेगावची मतमाऊलीची यात्रा. जिथे भाविक तिथे भिक्षेकरी, हे ओघाने आलेच. निवृत्तीनंतर वेळ हाताशी असल्यामुळे या प्रश्नाचा इतिहास थोडा चाळला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गंमत अशी की अपंगत्वाच्या सोंगाचा आपल्याकडचा जुना लेखी उल्लेख भिकाऱ्यांचा नाही, सरकारचा आहे! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांनी कोणकोणते वेष घ्यावेत ते सांगितले आहे. त्यांत कुबडा, मुका, बहिरा, आंधळा अशी सोंगे आहेत. कारण उघड आहे. अशा माणसाकडे कुणी लक्ष देत नाही, त्याच्यासमोर लोक मोकळेपणी बोलतात. म्हणजे व्यंगाचे सोंग का चालते, याचे मर्म राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते.

दुसरीकडे आपल्या गावगाड्याने सोंगाला राजरोस जागा दिली होती. वासुदेव, पिंगळा, बहुरूपी आपल्याला माहीत आहेत. पण 'पांगूळ' आता नव्या पिढीला ठाऊक नसेल. हे लोक पहाटे, उजाडण्यापूर्वी येत. झाडावर नाहीतर भिंतीवर बसून देवाचे नाव घेत दान मागत. नाव पांगूळ, पण माणूस धडधाकट! सूर्याचा सारथी अरुण पांगळा, त्याच्या नावाने हे दान, अशी समजूत. इथे फसवणूक नव्हती, कारण मागणारा आणि देणारा दोघांनाही सोंग माहीत होते. एकनाथांनी भारुडांत आंधळा, मुका, बहिरा यांची सोंगे घेतली, तीही याच परंपरेतली. सोंग वाईट नसते. समोरच्याला अंधारात ठेवून आणलेले सोंग वाईट असते. हा फरक गावाला कळत होता.

आता जरा इंग्लंडकडे जाऊ, कारण आपला कायदा तिथूनच आला आहे. सोळाव्या शतकात केंट परगण्यात थॉमस हरमन नावाचा जमीनदार होता. भटक्या-भामट्यांवर त्याने एक पुस्तक लिहिले. त्यात निकोलस जेनिंग्ज नावाच्या भिकाऱ्याची हकिकत आहे. हा १५६६ साली लंडनमध्ये हरमनच्या दारात आला. तोंडाला रक्त आणि चिखल, आपल्याला फेफरे येते असे सांगे, बेडलॅमच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिलो होतो असेही म्हणे. हरमनने काय केले? त्याला मारले नाही, हाकलले नाही. इस्पितळात माणूस पाठवून चौकशी केली. असा कुणी रुग्ण तिथे नव्हताच. मग छापखान्यातली दोन पोरे त्याच्या मागावर सोडली. तो आडोशाला जाऊन रक्त नव्याने फासतो हे त्यांनी पाहिले. पकडला तेव्हा त्या दिवसाची कमाई १३ शिलिंगांहून अधिक निघाली. पुढे त्याला खोड्यात उभे करून फटके मारले.

शिक्षा आजच्या मानाने क्रूर होती यात शंका नाही. पण शिक्षेच्या आधी चौकशी झाली होती, एका माणसाची आणि एका दाव्याची. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पुढे नेमकी हीच चौकशी गळून पडली. १८२४ च्या इंग्लंडमधील व्हॅग्रन्सी कायद्याने, जखमा किंवा व्यंग दाखवून भीक मागणे हाच गुन्हा ठरवला. आपल्याकडे १९४५ साली मुंबई प्रांतात भिकाऱ्यांविषयी कायदा झाला, आणि त्यानंतर १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यातली 'भीक मागणे' याची व्याख्या मुळातून वाचण्याजोगी आहे. भीक मिळवण्याच्या हेतूने स्वतःची, दुसऱ्याची किंवा जनावराचीही जखम, व्रण, व्यंग, रोग उघडा करून दाखवणे हे त्यात येते. जखम खोटी असली पाहिजे असे त्यात कुठेही नाही! खरी जखम दाखवणारा आणि रंगवलेली दाखवणारा, कायद्यापुढे दोघे सारखेच. गाणे, नाच, भविष्यकथन या निमित्ताने मागणेही त्याच व्याख्येत बसते. म्हणजे वासुदेव, पिंगळा आणि पांगूळही आलेच. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते, वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत.

हा कायदा पुढे दिल्लीसह इतरत्रही लागू झाला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती रद्द केली. गरिबी हा गुन्हा नव्हे, असे त्या निकालाचे सार. सक्तीने भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध वेगळा कायदा करायला न्यायालयाने वाट मोकळी ठेवली. महाराष्ट्रात मात्र मूळ कायदा कायम राहिला.

आता साधा विचार करा. भिकारी पकडायची गाडी येते. ज्याचा लंगडेपणा खोटा आहे, तो कुबडी काखेत मारून पसार होतो. ज्याचे डोळे शाबूत आहेत, त्याला गाडी लांबूनच दिसते. मग सापडतो कोण? ज्याला पळता येत नाही तो. ढोंगी माणसासाठी टाकलेल्या जाळ्यात नेमका खरा अपंग, म्हातारा आणि आजारी अडकतो. जाळ्याची वीणच तशी आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातले पाहा. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत मोहीम काढून सुमारे पन्नास भिक्षेकरी पकडले आणि श्रीगोंदे तालुक्यातील विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवले. (हे तेच विसापूर, जिथल्या तुरुंगात इंग्रजांनी सत्याग्रहींना कोंडले होते.) त्यांतल्या काहींची प्रकृती बिघडली म्हणून त्यांना जिल्हा रुग्णालयात हलवले, आणि तिथे काही दिवसांतच चौघे दगावले. हयगय झाली असा आरोप नातेवाइकांनी केला. दोष कुणाचा हे ठरवणारा मी नाही. पण इतके आजारी होते की आठवडाभरात गेले, ती माणसे सोंग करत नव्हती, एवढे तरी आपण म्हणू शकतो ना?

मग सोंगाडे नाहीतच का? आहेत की. पण मोठे सोंग आता रस्त्यावर राहिलेले नाही, ते कागदावर गेले आहे. माझ्याच पेशातले उदाहरण देतो, म्हणजे कुणाला राग यायला नको. बीड जिल्हा परिषदेने २०२३ साली पन्नासहून अधिक शिक्षकांना निलंबित केले. बदलीत सवलत मिळावी म्हणून त्यांनी जोडलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी झाली, तेव्हा कागदावरची टक्केवारी आणि प्रत्यक्ष टक्केवारी जुळेना. फलाटावरचा खोटा आंधळा माझे पाच रुपये नेतो. खोट्या प्रमाणपत्राचा धनी मात्र एखाद्या खऱ्या अपंगाची जागा, बदली, नोकरी नेतो. कोणती चोरी मोठी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इथे चौकशी सोपी आहे, कारण नाव आहे, पत्ता आहे, सही-शिक्का आहे. हरमनची पद्धत इथे वापरावी, अगदी कडकपणे वापरावी.

आणि फलाटावर? तिथे मी न्यायाधीश होत नाही. पायाची पट्टी ओढून पाहणे, 'डोळे उघड' म्हणून दरडावणे, चार पोरे जमवून मोबाइलवर चित्रण करणे, हे प्रकार मला मान्य नाहीत. संशय किती लांब जातो हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसले. मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले.

द्यायचे तर द्यावे, नसेल द्यायचे तर हात जोडून पुढे जावे. पण जमले तर एक प्रश्न जरूर विचारावा: "बाबा, दिव्यांगाचे कार्ड काढले आहे का? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला आहे का?" ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये आहेत. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागते, रहिवासाचा पुरावा लागतो, तहसीलला खेटे घालावे लागतात. ज्याला दिसत नाही, चालता येत नाही, लिहिता येत नाही, त्याने हे कसे करावे? सोंगाडा या प्रश्नावर बहुधा काढता पाय घेईल. खरा असेल तो थांबेल. त्याचा अर्ज लिहून द्यायला आपल्यासारख्या पेन्शनरांकडे वेळही आहे आणि अक्षरही. पाच रुपयांपेक्षा ते दान मला मोठे वाटते.