सोसू नका, सांगा: केमोच्या सलाईनचा इतिहास

आजचा इतिहास गडकिल्ल्यांचा नाही. आज आपण सलाईनच्या एका बाटलीचा इतिहास बघणार आहोत. म्हणजे केमोथेरपीचा.

आमच्या नामपूरला केमोचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणतात. मार्केटात कांद्याच्या भावावर तासभर बोलणारा माणूस इथे दोनच वाक्यं बोलतो. एक, "लई उलट्या होतात म्हणे." दोन, "त्याला सांगा, पॉझिटिव्ह राहा." माझं म्हणणं असं की पहिलं वाक्य जुनं झालंय आणि दुसरं अर्धवट आहे. कसं ते बघू.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. त्याच्या दहा वर्षं आधी, १९३१ मध्ये, मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या होत्या. हॉस्पिटल उघडलं तेव्हा कॅन्सरवर मुख्य उपाय दोनच, ऑपरेशन आणि रेडिएशन. केमो अजून जन्मालाच आली नव्हती.

ती आली युद्धातून. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात, विषारी मस्टर्ड वायूचाच भाऊबंद असलेलं एक रसायन पहिल्यांदा एका रुग्णाच्या शिरेत दिलं गेलं. गाठी कमी झाल्या, पण काही काळापुरत्याच. पुढे १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बरनी ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना जे औषध दिलं, ते आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून आलं होतं.

औषधं वाढत गेली, पण खुर्चीत बसलेल्या माणसाचे हाल तसेच राहिले. १९७८ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मंजुरी मिळाली. औषध जबरदस्त, आणि उलट्याही तितक्याच. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने जे बघितलं, ऐकलं, ते या काळातलं. त्यांची भीती खोटी नव्हती.

मग एक साधी गोष्ट घडली. १९८३ मध्ये सिडनीतल्या डॉक्टरांनी केमो घेणाऱ्यांनाच विचारलेल्या प्रश्नांचे निष्कर्ष छापले. प्रश्न असा, की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? पहिलं उत्तर उलटी. दुसरं मळमळ. रुग्णाला विचारलं, त्याने सांगितलं, आणि ते कागदावर आलं.

त्याच दशकात कारणही उलगडलं. केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते तिथल्या नसेला चेतवतं आणि ती नस मेंदूला निरोप देते: ओक. हा निरोप वाटेतच अडवणारं औषध म्हणजे ऑन्डॅन्सेट्रॉन. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मंजुरी मिळाली. सिडनीतल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा उलटी पहिल्या नंबरावरून बरीच खाली गेली होती. मळमळ मात्र वर होती. म्हणजे काम अर्धंच झालं होतं.

उरलेल्या कामात आपली मुंबईही आहे. ओलान्झापिन हे मूळचं मानसिक आजारावरचं औषध मळमळीवर चांगलं चालतं, पण १० मिलिग्रॅमच्या डोसने माणूस दिवसभर पेंगतो. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जोरदार उलट्या करवणाऱ्या केमोसोबत फक्त २.५ मिलिग्रॅम देऊन बघितलं. उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि झोप कमी आली. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त हे छापून आलं.

सुईचंही तसंच. "शीर सापडत नाही" म्हणून चार-चारदा टोचणं हा वेगळाच छळ. १९८० च्या दशकात केमोपोर्ट आला. छातीवर कातडीखाली बसवायची एक छोटी डबी. प्रत्येक वेळी शीर शोधायची गरजच उरत नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. पॉझिटिव्ह राहिलं की कॅन्सर बरा होतो का? २००७ मध्ये अमेरिकेत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून जास्त रुग्णांची माहिती तपासली गेली. मन किती आनंदी आहे यावरून कोण किती जगणार ते ठरत नव्हतं. मला हे ऐकून हलकं वाटलं. कारण मग कुणी रडलं म्हणून त्याचा आजार वाढला, असं त्याला कुणी ऐकवू शकत नाही.

मग मन बरं ठेवायचं कशासाठी? तर ते दिवस नीट जावेत म्हणून. आणि त्यासाठी आधी शरीराला आराम हवा. एक गोष्ट लक्षात ठेवा: पहिल्या केमोला खूप उलट्या झाल्या, तर मेंदू तो वास, ती खुर्ची लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी सुई टोचायच्या आधीच मळमळ सुरू होते. त्याला "मनाचे खेळ" म्हणून हसू नका, मेंदूला लागलेली ती सवय असते. म्हणून उलटीचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासूनच पक्का हवा.

आपल्याकडे अडचण इथेच आहे. आपली माणसं सोसतात. सिस्टरला कशाला त्रास, डॉक्टर रागावतील, मुलगा एवढ्या लांबून घेऊन आलाय. हाताला सुईपाशी आग होत असली तरी गप्प बसतात. खरं तर तिथे आग झाली, सूज आली, तर त्याच क्षणी सांगायला हवं, कारण काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जाळतात.

तुमच्या घरातून कुणी सटाण्याहून, मालेगावहून, नाशिकला किंवा परळला केमोसाठी जात असेल, तर एक काम करा. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा: मळमळ कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, उलट्या किती, कोणत्या गोळीने बरं वाटलं. पुढच्या भेटीत तेच डॉक्टरांना वाचून दाखवा. कोणतीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका किंवा बंद करू नका. आणि "पॉझिटिव्ह राहा" म्हणण्याऐवजी विचारा, "आत्ता काय होतंय?"

१९८३ मध्येही एवढंच विचारलं होतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.