नदी कोणाच्या बाजूने वाहते? अमेरिकन यादवी युद्धातील नद्यांची कथा

१/ अमेरिकन यादवी युद्ध (१८६१–१८६५) म्हटले की लिंकन आणि गेटिसबर्ग ही नावे प्रथम आठवतात. परंतु नकाशावरील केवळ नद्या पाहिल्या, तर या युद्धाचे एक कोडे उलगडते : उत्तरेचे सैन्य पूर्वेकडे वर्षानुवर्षे का अडकले आणि पश्चिमेकडे इतके आत कसे शिरले?

२/ वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्यांमधील अंतर सुमारे १६० किलोमीटर. मात्र रॅपाहॅनकसारख्या नद्या या वाटेला आडव्या वाहतात. नोव्हेंबर १८६२मध्ये जनरल बर्नसाइड फ्रेडरिक्सबर्गसमोर पोहोचला. तरंगत्या पुलाचे सामान मात्र वेळेवर आले नाही. तेवढ्या अवधीत जनरल लीने पलीकडच्या टेकड्या बळकट केल्या. डिसेंबरातील लढाईत उत्तरेचे १२,०००हून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

३/ पश्चिमेकडे चित्र उलटे. मिसिसिपी दक्षिणेकडे वाहते. टेनेसी आणि कंबरलँड अखेरच्या टप्प्यात उत्तरेकडे वळून ओहायो नदीला मिळतात. पूर्वेला ज्या नद्या तटबंदी होत्या, त्या येथे दक्षिणेच्या अंतरंगात नेणारे राजमार्ग ठरल्या. रेल्वेचे रूळ उखडता येतात. नदी उखडता येत नाही.

४/ ६ फेब्रुवारी १८६२ रोजी उत्तरेच्या तोफनौकांनी टेनेसीवरील फोर्ट हेन्री घेतला. सखल जागी बांधलेल्या या किल्ल्यात पुराचे पाणी आधीच शिरले होते. दहा दिवसांनी कंबरलँडवरील फोर्ट डोनेल्सन जनरल ग्रँटच्या हाती पडला आणि त्याच महिन्यात नॅशव्हिलही गेले.

५/ येथे प्रवाहाची दिशा निर्णायक होती. डोनेल्सनसमोर १४ फेब्रुवारीला तोफनौकांना जबर मार बसला. पण निकामी झालेल्या नौका प्रवाहाबरोबर उत्तरेकडे, म्हणजे आपल्याच माणसांकडे, वाहत आल्या. मिसिसिपीवर तशीच नौका थेट शत्रूच्या तोफांपुढे गेली असती!

६/ म्हणूनच मिसिसिपीच्या वळणावरील, उंच कड्यावरचे व्हिक्सबर्ग इतके दुर्जय होते. शहराला वळसा घालण्यासाठी ग्रँटने कालवा खोदून पाहिला, तो फसला. अखेर १६ एप्रिल १८६३च्या रात्री पोर्टरचे आरमार तोफांच्या माऱ्यातून खाली उतरले. प्रवाहाविरुद्ध, संथ गतीने, त्याच तोफांसमोरून परतणे जवळजवळ अशक्य होते. हे पोर्टरने ग्रँटला आधीच बजावले होते.

७/ आता सैन्य पूर्वतीरावर उतरवायचे कोठे? ब्रुइन्सबर्ग येथे चांगला उतार असून तेथून पक्की वाट आत जाते, ही माहिती एका स्थानिक कृष्णवर्णीय माणसाने दिली. ग्रँटने आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख केला आहे. नाव मात्र नोंदलेले नाही. याच नदीवरून हजारो गुलामांना दक्षिणेच्या कापूसमळ्यांवर विकण्यासाठी नेले जाई. ज्यांच्यासाठी ती दास्याची वाट होती, त्यांच्यापैकीच एकाच्या शब्दावर विसंबून ३० एप्रिलला सैन्य नदी ओलांडू लागले.

८/ ४७ दिवसांच्या वेढ्यात नागरिकांनी तोफगोळ्यांपासून बचावासाठी गुहा खोदल्या. ४ जुलै रोजी शहर शरण आले. सुमारे २९,००० सैनिकांनी शस्त्रे ठेवली. ९ जुलैला पोर्ट हडसनही पडले. मिसिसिपी पूर्णतः उत्तरेच्या ताब्यात आली आणि टेक्सास, आर्कान्सा व लुइझियानाचा पश्चिम भाग उर्वरित दक्षिणेपासून तुटला.

९/ उपसंहार मात्र नदीचाच. १८७६मध्ये मिसिसिपीने आपणहून ते वळण तोडले आणि मुख्य प्रवाह व्हिक्सबर्गपासून दूर गेला. ग्रँटच्या सैनिकांना व सक्तीने राबवलेल्या कृष्णवर्णीय मजुरांना फावड्यांनी जे साधले नाही, ते नदीने युद्ध संपल्यावर अकरा वर्षांनी करून टाकले. नदी कोणाचीच बाजू घेत नाही. तिची दिशा ज्याला वेळीच उमगते, त्याला ती वाट देते.