ताडपत्रापासून संगणकापर्यंत : तिपिटकाचा प्रवास



तिपिटक म्हणजे तीन पेटारे, हे आपल्या वस्तीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्या पेटाऱ्यांतला ऐवज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कसा ओतला गेला, हे फारसं कोणी सांगत नाही. आम्ही गिरणी कामगार. संगणकाचं शिक्षण काही आम्ही घेतलेलं नाही. पण विहाराच्या जुन्या कागदपत्रांच्या निमित्ताने हा विषय शिकावा लागला, म्हणून हा लेखप्रपंच.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. परंपरा सांगते की भदंत उपालींनी विनय सांगितला, भदंत आनंदांनी धम्म सांगितला आणि सर्व भिक्खूंनी तो एकत्र म्हटला. संगायन म्हणजे सर्वांनी मिळून म्हणणे. एक चुकला तर शेजारच्याच्या लक्षात येणारच. तपासणीची ही पहिली पद्धत.

पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, श्रीलंकेत राजा वट्टगामणीच्या काळी, हे पाठांतर ताडपत्रावर उतरले. ब्रह्मदेशच्या मिंडोन राजाने मंडाले येथे ७२९ संगमरवरी शिळांवर तिपिटक कोरून घेतले. ते काम १८६८ साली पूर्ण झाले. सयामच्या चुलालोंगकोर्न राजाने १८९३ मध्ये थाई लिपीत ते छापून घेतले. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावे संगायन झाले आणि त्यात तपासलेले तिपिटक ब्रह्मी लोकांच्या लिपीत ४० खंडांत छापले गेले. हे काम चालू असतानाच, डिसेंबर १९५४ मध्ये, परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. आणि १९५६ सालीच, १४ ऑक्टोबरला, नागपूरला काय घडले ते सांगायला नको.

पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. ज्या देशात गेली तिथल्या अक्षरात ती लिहिली गेली. म्हणून देश बदलला की ग्रंथ पुन्हा हाताने उतरवणे आले, आणि उतरवताना चुका आल्या. संगणकाने इथे खरी मदत केली. १९८८ मध्ये थायलंडच्या महिडोल विद्यापीठाने थाई लिपीतले तिपिटक संगणकात घातले. आपल्या महाराष्ट्रात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सहाव्या संगायनाचा पाठ देवनागरीत आणला, आणि १९९७ मध्ये त्याची सीडी निघाली. नंतरच्या आवृत्तीत मूळ साठा एकाच लिपीत, म्हणजे देवनागरीत, ठेवला आहे. वाचक मागेल तसा प्रोग्राम तो रोमन, सिंहली, थाई किंवा ब्रह्मी अक्षरात दाखवतो.

हे होते कसे? संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत 'क' चा आकडा २३२५. प्रोग्राममध्ये एक तक्ता असतो, या आकड्याच्या जागी तो आकडा. पण नुसत्या तक्त्याने भागत नाही, नियमही लागतात. रोमन लिपीत 'क' च्या मागे 'अ' वेगळा लिहावा लागतो. म्हणून पुढे मात्रा किंवा हलन्त नसेल तरच 'अ' लावायचा, असा नियम सांगावा लागतो.

आता आमच्या घरची गोष्ट. विहाराच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर एका फ्लॉपीत होता. ती उघडून घेतली तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरे, अर्थ काहीच नाही! आम्हाला वाटलं, गेलं सगळं. त्यात आमच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या १९५६ सालच्या आठवणी होत्या, आणि सांगणारी बरीच माणसं आज नाहीत. वस्तीतल्या एका मुलाने उलगडा केला. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकार चढवायचे. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मजकूर गेलेला नव्हता, किल्ली हरवली होती.

त्याने जुनी छापील प्रत समोर ठेवून तक्ता तयार केला. अडचण आली ती क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप व्हायचं, युनिकोडमध्ये जसं उच्चारतो तसं. 'अत्थि' मधली वेलांटी जुन्या पद्धतीत 'त्थ' च्या आधी येते, नव्या पद्धतीत अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. रफाराचं उलट, तो पुढे आणावा लागतो. 'धम्म' शब्द पहिल्या फटक्यात बरोबर आला, 'धर्म' अडला!

पहिल्या खेपेला मुलाने खूश होऊन कागद छापून आणले. आम्ही विहारात बसून मोठ्याने वाचायला घेतले. एक आजी ऐकत होत्या, त्यांना अक्षरओळख नाही. एका ओळीला वाचणारा अडखळला. कागदावर 'धमार्ंतर' असं छापलेलं होतं. आजी लगेच म्हणाल्या, "अरे, धर्मांतर म्हण की! मी होते तिथं." ज्या शब्दाने आपला जन्म बदलला तोच शब्द मोडला होता. मुलाने नियम दुरुस्त केला. मग चार रविवार आम्ही सगळ्यांनी मिळून पान न् पान वाचलं.

साळखात्यात एक धागा तुटला आणि साचा तसाच चालू राहिला, तर दोष सगळ्या ताग्यात उतरतो. प्रोग्रामचंही तसंच आहे. चूक एक, पण ती हजार ठिकाणी सारखी होते. मात्र नियम एकदा सुधारला की हजार ठिकाणी दुरुस्तही होते. चूक शोधायला मात्र माणूसच लागतो, वाचणारा आणि ऐकणारा.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या घरी जुनी पत्रकं, सभेचे वृत्तांत, फ्लॉप्या, सीड्या असतील तर रद्दीत घालू नका, विहारात आणून द्या. मजकूर नव्या पद्धतीत आणल्यावरही जुनी प्रत फेकू नका, पडताळायला तीच लागते. आणि वाचनाला या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंनी जे केलं, तेच आपल्याला आपल्या आईबापांच्या शब्दांसाठी करायचं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!