अँग की आंग?

२०१०च्या जुलैत मी ताईकडे न्यू जर्सीला गेलो होतो. भाचा तेव्हा दहा वर्षांचा. विमानतळावरून घरी येताना त्याने गाडीत मला दोनच प्रश्न विचारले. बाकरवडी आणलीस का, आणि उद्या माझ्याबरोबर सिनेमाला येशील का. ताईने पुढच्या सीटवरून सुस्कारा टाकला. "घेऊन जा रे बाबा याला. गेलं दीड वर्ष दुसरं काही ऐकलं नाही आम्ही."

सिनेमा होता 'द लास्ट एअरबेंडर'. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेवरून काढलेला, पण खरी माणसं घेऊन. म्हणजे ज्याला लाइव्ह-ॲक्शन म्हणतात तो प्रकार. मालिका निकलोडियनवर २००५ ते २००८ या काळात चालली, एकूण ६१ भाग, आणि आमच्या चिरंजीवांना ते सगळे पाठ.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगात चार प्रकारचे लोक. पाण्याचे, पृथ्वीचे, अग्नीचे आणि वायूचे. प्रत्येकातले काहीजण आपापलं तत्त्व हाताच्या हालचालींनी हवं तसं वळवू शकतात. ज्याला चारही तत्त्वं वश होतात तो अवतार, आणि तो मेला की पुढच्या लोकांत पुन्हा जन्म घेतो. बारा वर्षांचा अँग हा असा अवतार. तो शंभर वर्षं बर्फात गोठून पडतो आणि जागा होतो तेव्हा त्याचे सगळे वायुलोक अग्निराष्ट्राने संपवलेले असतात. मुलांच्या कार्टूनच्या मानाने विषय जडच म्हणायचा. ही मालिका केली मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोन अमेरिकन मित्रांनी, चित्रं हलवण्याचं काम झालं दक्षिण कोरियात, आणि त्यातलं जग सगळं आशियाचं. पाट्यांवर चिनी अक्षरं, लढण्याच्या पद्धती ताई ची आणि शाओलिनच्या, पाण्याचे लोक इन्युइटांसारखे. लहानग्या अवताराची ओळख खेळणी पुढे ठेवून पटवतात, ती रीत दलाई लामांच्या निवडीवरून घेतलेली. एका भागात चक्रं समजावून सांगणारे दाढीवाले गुरू पथिकही आहेत. ते शिष्याला कांदा-केळ्याचा रस पाजतात, याबद्दल आपण त्यांना माफ करू.

२००८च्या हॅलोवीनला भाच्याने अँगचं सोंग घेतलं होतं. अँगचं डोकं तुळतुळीत आणि त्यावर निळा बाण. पठ्ठ्याने हट्ट करून खरंच डोकं भादरून घेतलं. ताईने फोटो पुण्याला पाठवले. आई चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर मुंजीतला बटू दिसतोय. भिक्षावळीला निघाल्यासारखा." तिला अँग ठाऊक नव्हता. पण गोटा केलेलं डोकं आणि भगवं वस्त्र बघून तिला जे दिसायचं ते दिसलं.

माझा मुद्दा खरं तर इथेच आहे. चित्रातला चेहरा कुणाचाच नसतो. दोन डोळे, एक रेघ नाकाची, एक तोंडाची. बाकीचं बघणारा भरतो. आमच्या घरात त्या एका टकलू पोराला नातू स्वतःसारखा बघत होता आणि आजी बटू म्हणून बघत होती, आणि दोघांचंही बरोबर होतं. खरा माणूस उभा केला की ही सोय संपते. माणूस कुठल्यातरी गावचा, कुठल्यातरी वर्णाचा, कुणाचातरी मुलगा असतोच. चित्राने टाळलेल्या प्रश्नाचं उत्तर सिनेमाला द्यावंच लागतं.

ते उत्तर डिसेंबर २००८मध्ये जाहीर झालं. अँग, कटारा, सॉका आणि झुको या चारही मुख्य भूमिकांना गोरी मुलं. पडसाद लगेच उमटले. मालिकेच्या चाहत्यांनी निर्मात्यांना पत्रं पाठवायची मोहीम काढली. तिचं नावच मुळी, अँग गोरा नाही, अशा अर्थाचं होतं. पुढे २००९मध्ये त्यातूनच 'रेसबेंडिंग' नावाची संघटना उभी राहिली आणि अमेरिकेतल्या आशियाई लोकांसाठी काम करणाऱ्या 'माना' या संस्थेबरोबर तिने सिनेमावर बहिष्काराची हाक दिली. कार्टूनवरून बहिष्कार! तेव्हा मलाही हसू आलं होतं. पोरखेळ, असंच म्हणालो होतो मी.

पण त्या लोकांच्या मनात जुना हिशोब होता. १९३७च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याची बायको झाली लुइझे रायनर, तिला त्याबद्दल ऑस्करही मिळालं. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नटी हॉलिवूडमध्येच असताना तिला ती भूमिका मिळाली नाही. पुढे १९६१मध्ये मिकी रूनीने खोटे दात लावून जपानी शेजारी केला, त्यावर लोक हसले. सत्तर वर्षं हेच बघितलेल्या समाजाला एक मालिका अशी मिळाली की जिच्यात त्यांचे कपडे, त्यांची लिपी, त्यांचं जेवण होतं. आणि खऱ्या माणसांची वेळ आली तेव्हा ते सगळं राहिलं, चेहरे तेवढे बदलले.

दिग्दर्शक कोण होता हे सांगायचं राहिलंच. एम. नाइट श्यामलन. जन्म माहेचा, वाढला फिलाडेल्फियाजवळ. त्याच्या मुलीला हॅलोवीनला कटारा व्हायचं होतं, त्यातून त्याला या मालिकेचा पत्ता लागला. टीकेवर त्याचं म्हणणं असं, की या शैलीतले चेहरे मुद्दामच संदिग्ध काढलेले असतात, माझ्या मुलीला कटारा स्वतःसारखी दिसते, दुसऱ्या कुणाला आणखी कुणासारखी. आता गंमत बघा. हे मी वर लिहिलं तेच आहे! आणि त्याच्या बाजूने आणखीही एक गोष्ट सांगायला हवी. मूळ मालिकेत अँग, कटारा आणि सॉका यांना आवाज देणारी मुलं गोरीच होती. त्यावर असं वादळ उठलं नव्हतं.

मग चूक कुठे? चेहरा संदिग्ध आहे, सगळ्यांचा आहे, हे खरं मानलं तर तो गोऱ्यांचाच का ठरावा? आणि पुढे झालं ते अजून विचित्र. झुको म्हणजे अग्निराष्ट्राचा हाकलून दिलेला राजपुत्र, सुरुवातीचा खलनायक. त्या भूमिकेतला गोरा गायक २००९च्या सुरुवातीला बाहेर पडला आणि त्याच्या जागी 'स्लमडॉग मिल्यनेर'वाला देव पटेल आला. मग सगळं अग्निराष्ट्रच त्या रंगाचं झालं. सेनापती झाओ म्हणजे मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी, काका आयरो म्हणजे इराणी वंशाचा शॉन टूब, राजा म्हणजे माओरी क्लिफ कर्टिस. म्हणजे जगाला वाचवणारी तीन मुलं गोरी, आणि जग जाळणारे आपण.

हे सगळं मला तेव्हा इतकं नीट ठाऊक नव्हतं. थिएटरात बसलो, पॉपकॉर्न घेतलं. पडद्यावर कुणीतरी 'अवतार' असं म्हणालं. ॲव्हटार नव्हे, स्वच्छ 'अवतार'च्या जवळचं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इंग्रजी सिनेमात आपला शब्द पहिल्यांदा आपल्यासारखा ऐकला. श्यामलनने मुद्दाम उच्चार आशियाई करून घेतले होते. अँगचा आंग, सॉकाचा सोका, आयरोचा ईरो. मी कौतुकाने भाच्याकडे बघितलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"मामा, त्याचं नाव असं नाहीये."

त्याला काय सांगणार? अरे, हा उच्चार जास्त बरोबर आहे? त्याच्या लेखी त्या मुलाला गेली पाच वर्षं ज्या नावाने हाक मारली ते त्याचं नाव. पुण्यातल्या बंड्याला कुणी अमेरिकेत बॅंडी म्हणावं तसं हे. फक्त इथे दिशा उलटी होती, आणि चुकीचा उच्चार माझ्या बाजूचा होता.

सिनेमा १०३ मिनिटांचा. त्यात मालिकेचे पहिले वीस भाग, म्हणजे साडेसात तासांचा ऐवज, कोंबलेला. विनोद सगळे गाळलेले. बाहेर पडल्यावर बराच वेळ तो बोललाच नाही. पार्किंगमध्ये एवढंच विचारलं, "मामा, वाईट लोक सगळे आपल्यासारखे का दिसतात?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. झुको शेवटी चांगला होतो ना, वगैरे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस्स. झुको काय होतो हे तो मला सांगणार की मी त्याला!

टीकाकारांनीही सिनेमाची सालं काढली. २०११च्या रॅझी पुरस्कारांत त्याला सर्वांत वाईट चित्रपटासकट पाच पुरस्कार मिळाले. तरी जगभरात त्याने एकतीस-बत्तीस कोटी डॉलर जमवले, १५ कोटी खर्चून. दुसरा भाग मात्र निघाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी 'ड्रॅगनबॉल'चा सिनेमा असाच आपटला होता. त्याच्या पटकथाकाराने तर २०१६मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली.

माझी स्वतःची परीक्षा झाली ती त्याच वर्षी. ८ एप्रिल २०१६ला 'द जंगल बुक' आपल्याकडे लागला, अमेरिकेच्याही आधी आठवडाभर. जगाच्या लेखी तो १९६७च्या डिस्नेपटाचा नवा अवतार. माझ्या लेखी मात्र नाही. १९९३च्या रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर आंघोळ न करता बसलेल्या आमच्या पिढीला जंगल बुक म्हणजे ती जपानी मालिका, गुलजारांचं चड्डीवालं गाणं, आणि शेरखान म्हणजे नानाचा आवाज. मूळची जपानी, कथा इंग्रजाची, जंगल सिवनीचं म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेचं, बोलणं हिंदीत. शुद्ध-अशुद्ध काय करणार? डिस्नेच्या लोकांनी हे बरोबर ओळखलं. हिंदीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकर घेतला, गाणं विशाल भारद्वाजकडून पुन्हा करून घेतलं. मी इंग्रजी सोडून मुद्दाम हिंदी खेळाला गेलो. शेरखानने तोंड उघडलं आणि थिएटरात शिट्ट्या. माझ्याही अंगावर काटा आला. मोगली झालेला नील सेठी न्यूयॉर्कचा, पण चेहरा आपला. तो आपला आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. बरोबर असलेली गोष्ट लक्षात येत नाही, तसं.

घरी येताना मनात आलं, नानाऐवजी दुसरा कुणी असता तर? तर मी चाळिशीकडे झुकलेला माणूस तिथे बसून "याचा आवाज असा नाहीये" म्हणत चरफडलोच असतो. २०१२मध्ये चिंटूवर सिनेमा आला तेव्हा मी बघायलाच गेलो नव्हतो. 'सकाळ'मधला तीन केसांचा चिंटू कुणा खऱ्या मुलाच्या चेहऱ्याने पुसला जाऊ नये म्हणून. सिनेमा कदाचित चांगला असेलही. माझं धाडस झालं नाही.

नंतरच्या वर्षांत हे रिमेक पुष्कळ आले. 'काउबॉय बीबॉप' नोव्हेंबर २०२१मध्ये आला आणि तीन आठवड्यांत बंद झाला. मूळ दिग्दर्शक वातानाबे यांनी नंतर सांगितलं की ते पहिल्या प्रसंगापलीकडे बघूच शकले नाहीत. 'वन पीस' २०२३मध्ये आला तेव्हा मूळ चित्रकथेचे जनक ओडा स्वतः मानगुटीवर बसले होते, तो लोकांनी डोक्यावर घेतला. आणि २२ फेब्रुवारी २०२४ला नेटफ्लिक्सवर 'अवतार' पुन्हा आला. आठ भाग. मूळ दोघे निर्माते आधी त्यात होते, पण मतभेद होऊन २०२०मध्ये बाहेर पडले होते. चेहरे मात्र या वेळी सगळे जिथले तिथे. कटाराची भूमिका मोहॉक वंशाच्या मुलीने केली, अग्निराजा कोरियन वंशाचा डॅनियल डे किम. २०१०च्या त्या 'पोरखेळा'ला चौदा वर्षांनी मिळालेलं हे उत्तर होतं, असं मी समजतो.

भाचा आता चोवीस वर्षांचा, सिॲटलला नोकरीला. आम्ही फोन चालू ठेवून आपापल्या घरी पहिला भाग बघितला. त्याच्याकडे रात्र, माझ्याकडे दुपार. सुरुवातीलाच वायुलोकांचा संहार दाखवला, जळणारी माणसं, सगळं. कार्टूनमध्ये हे नव्हतं. तिथे अँगला त्याच्या गुरूचा, ग्यात्सोचा सांगाडा सापडतो, भोवती अग्निसैनिकांचे अवशेष, बस्स. पुढचं आपण समजायचं.

मी म्हटलं, "या वेळी चेहरे बरोबर आहेत ना रे?"

"हो, चेहरे बरोबर आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "पण मामा, तो पळून गेलाच नाही."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. कार्टूनमधला अँग अवतार व्हायला घाबरतो, ग्यात्सोपासून तोडणार म्हणून चिठ्ठी ठेवून रात्री पळून जातो, आणि म्हणून वाचतो. बाकीचे सगळे मरतात. ते ओझं तो पुढचे साठ भाग वाहतो. नव्या मालिकेत तो नुसता डोकं शांत करायला फिरायला निघतो आणि वादळात सापडतो. त्याची काही चूकच नाही.

"दहा वर्षांचा असताना मला तोच भाग सगळ्यात आवडायचा," तो म्हणाला. "घाबरून पळालेला मुलगापण चालतो, असं वाटायचं."

मी काही बोललो नाही. त्याने दुसरा भाग लावला.