सुरक्षा उपकरणप्रणाली

सुरक्षा उपकरणप्रणाली (सेफ्टी इन्स्ट्रुमेंटेड सिस्टम) ही रसायने, खनिज तेल, वीजनिर्मिती इत्यादी उद्योगांत दाब, तापमान किंवा पातळी धोक्याची मर्यादा ओलांडताच संयंत्र आपोआप सुरक्षित स्थितीत आणणारी यंत्रणा होय. दैनंदिन नियंत्रण यंत्रणेपासून ती स्वतंत्र ठेवतात.

रचना

संवेदक, तर्कनियंत्रक आणि अंतिम घटक (उदा. इंधनाची झडप) हे तिचे तीन भाग होत. एका संवेदकाच्या चुकीने संयंत्र विनाकारण बंद पडू नये, म्हणून अनेकदा तीन संवेदक बसवून त्यांपैकी दोघांचा कौल ग्राह्य धरतात. आयईसी ६१५११ हे या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

सोलापूर जिल्हा

वळसंग ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. कोळशावर चालणाऱ्या अशा केंद्रांत बाष्पकाची ज्योत विझल्यास भट्टीत न जळलेले इंधन साचून स्फोट होऊ शकतो. त्यामुळे ज्योत नाहीशी झाल्याचे संवेदकांनी कळवताच इंधनपुरवठा तोडला जातो.

मर्यादा

ही प्रणाली क्वचितच कार्यान्वित होत असल्याने तिच्यातील बिघाड लपून राहतो. त्यासाठी ठरावीक काळाने चाचणी आवश्यक असते. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी टाकीचा पातळीमापक अडकला आणि स्वतंत्र उच्चपातळी स्विचही चालला नाही. पेट्रोल ओसंडून भीषण स्फोट झाला. भोपाळ दुर्घटनेच्या वेळी (१९८४) साठवणटाकीची शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती. त्या दुर्घटनेनंतर भारतात १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले.